नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: साडेचौदा तासांचे चोवीस तास कसे होतात

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा (वय ६६ आणि ७१) डिसेंबरात पहिल्यांदाच नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला धाकट्या मुलीकडे चालले आहेत. इंटरनेटवर दोन शहरांतलं अंतर १३,१०० किलोमीटर दाखवतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर साडेचौदा तास व्हायला हवेत. एजंटनं मात्र तीन तिकिटं दाखवली: एक दिल्लीवरून साधारण २२ तासांचं, एक दोहावरून २४ तासांचं आणि एक मुंबई-फ्रँकफर्टवरून ३० तासांचं. पृथ्वी फिरते म्हणून जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो, असंही तो म्हणाला. मग खरं अंतर कोणतं, खरा वेळ कोणता आणि तिकीट कोणतं घ्यायचं?

ताई, तुमचा भागाकार चुकलेला नाही. १३,१०० ला ९०० नं भागलं की साडेचौदाच येतात. पण त्या भागाकारातले दोन्ही आकडे प्रत्यक्ष प्रवासात तसे राहत नाहीत. विमान त्या रेषेवरून जात नाही आणि जमिनीच्या हिशोबानं त्याचा वेगही ९०० वर टिकत नाही. वर आई-बाबांच्या २२ किंवा २४ तासांतले चार-पाच तास तर ते विमानात बसलेलेच नसतील. विमानाचा मार्ग आखणं, तेल किती भरायचं ते ठरवणं, म्हणजे फ्लाइट डिस्पॅचचं काम मी नोकरीभर केलं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण एकदा हे कळलं की पुढचं प्रत्येक तिकीट तुम्हाला स्वतःला वाचता येईल.

आधी अंतर. १३,१०० हा आकडा पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीपर्यंत गोलावर दोरा ताणून धरला तर तो जसा जाईल, त्या वाटेचं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर खरंच करून बघा. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे दिसते, म्हणून आपण समजतो की विमान अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडे जाणार. दोरा मात्र नागपूरहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, जेमतेम १९ अंश पूर्वेला कलून. हिमालय, तिबेट आणि सायबेरिया ओलांडून तो ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे आर्क्टिकच्या काठाला लागतो, आणि मग अलास्काच्या बाजूनं खाली कॅलिफोर्नियात उतरतो. नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोची सर्वांत जवळची वाट पूर्वेकडचीही नाही, पश्चिमेकडचीही नाही, ती उत्तरेची आहे.

जाता जाता सांगतो, गोलावर कुठलीही दोन ठिकाणं सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त दूर असूच शकत नाहीत. नागपूरच्या अगदी पायाखालची जागा दक्षिण पॅसिफिकमध्ये आहे, ईस्टर आयलंडपासून हजारेक किलोमीटरवर, नुसतं पाणी. त्या मानानं तुमची बहीण बरीच अलीकडे राहते.

या दोऱ्याच्या वाटेनं विमान का जात नाही? पहिली अडचण तिबेटची. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या त्या पिवळ्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटांचा असतो. तिबेटचं पठारच चौदा-पंधरा हजार फुटांवर. खाली यायचं तरी कुठे? म्हणून बहुतेक कंपन्या त्या भागाला वळसा घालतात. दुसरी गोष्ट, हल्लीची विमानं दोन इंजिनांची असतात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेत कायम हाताशी लागतो. नागपूर किंवा दिल्लीच्या आसपास त्याची फिकीर नाही. आर्क्टिकवर मात्र असे विमानतळ शोधून शोधून मार्ग आखावा लागतो. शिवाय तिथल्या थंडीत तेलाच्या तापमानावर नजर ठेवावी लागते. आपल्याकडे भरलं जाणारं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही, अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए ची मर्यादा उणे ४० आहे. परतीच्या विमानाला हा फरक जाणवतो.

तिसरं कारण सध्या सर्वांत मोठं आहे, ते म्हणजे बंद आकाश. २०१९ मध्ये पाकिस्ताननं फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानाला आधी खाली अरबी समुद्राकडे उतरून मग वर चढावं लागलं आणि उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला तेलासाठी थांबावं लागलं. २०२२ पासून रशियानं आपलं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद केलंय, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचं चिन्ह आहे त्यावरही ठरतं. जून २०२५ मध्ये दोहा ज्या देशात आहे त्या कतारनंही आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं होतं. मार्ग आखणाऱ्याच्या टेबलावर रोज सकाळी नोटॅमचा गठ्ठा पडतो, म्हणजे कुठलं आकाश कधी बंद, कुठली धावपट्टी दुरुस्तीला, कुठे रॉकेट सोडणार, अशा सूचनांचा. तो वाचल्याशिवाय आज नागपूर-सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, हे आमच्यातलाही कुणी सांगू शकणार नाही.

आता वेगाकडे येऊ, खरी गंमत तिथे आहे. तुमच्या एजंटचं म्हणणं आधी बाजूला करतो. पृथ्वी फिरते हे खरं. नागपूर तासाला सुमारे साडेपंधराशे किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेलं असतं. पण नागपूरवरची हवाही त्याच वेगानं चाललेली असते आणि विमान उडतं ते त्या हवेत. विमान हवेत लटकलं आणि खालून पृथ्वी सरकली, असं होत नाही. तसं असतं तर सोनेगावहून नुसतं वर उडून तासाभरानं खाली आलं की आपण अरबी समुद्रात उतरलो असतो!

फरक पडतो तो वाऱ्यानं. पस्तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचे पट्टे आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यातला एक पट्टा थेट उत्तर भारतावर येऊन बसतो. त्याच्या मध्यात ताशी २०० किलोमीटरचा वारा ही नवलाची गोष्ट नाही. उन्हाळ्यात तो हिमालयापलीकडे सरकतो. वैनगंगेत डोंगा तोच, वल्हवणारा तोच, तरी प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाण्यात जो फरक पडतो, तोच इथे पडतो. विमान हवेत ताशी ९०० नंच चालतं. जमिनीवरून मोजलं तर वारा पाठीशी असताना ते हजारावर जातं आणि वारा समोरून असला की आठशेवर येतं.

आकड्यांत सांगतो. पस्तीस हजार फुटांवर बाहेरचं तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असतं. तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६५ किलोमीटरच्या आगेमागे येतो आणि लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ८५ टक्के वेगानं जातात, म्हणजे ९०५. आता १३,००० किलोमीटरभर सरासरी १०० चा वारा समोरून आला तर सोळा तास दहा मिनिटं लागतील. तोच वारा पाठीशी असेल तर तेरा तासांच्या आत काम होईल. अंतर तेच, विमान तेच, फरक सव्वातीन तासांचा. आणि बरं का, जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही. उलट्या वाऱ्यात जास्त वेळ घालवावा लागतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची बेरीज बिनवाऱ्याच्या प्रवासापेक्षा थोडी जास्तच येते.

यावरचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण तुमच्या बहिणीच्याच शहराचं आहे. एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. सुरुवातीला विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची आणि वारा समोरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना उलटी दिशा धरली आणि पूर्वेकडून पॅसिफिकवरून विमान नेलं. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची होती, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरी साडेचौदा तासांत विमान पोचलं, आधीपेक्षा लवकर. परत येताना ते अटलांटिकवरून पूर्वेकडेच आलं. जातानाही पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडे, दोन्ही वेळा वारा पाठीशी, आणि एका जाण्यायेण्यात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. लांबच्या वाटेनं लवकर पोचायचं, हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. डिस्पॅचवाल्यांना त्यात काही नवल वाटलं नाही, कारण आम्ही किलोमीटर मोजतच नाही. मोजतो ते हवेतून कापायचं अंतर, तेल आणि मिनिटं.

तेलाचं दुखणं वेगळंच. मोठं बोईंग ७७७ तासाला सात-आठ टन तेल पितं. सोळा तासांसाठी शंभर टनांहून बरंच जास्त घ्यावं लागतं आणि शेवटच्या तासाचं तेल आधीचे पंधरा तास वाहून न्यावं लागतं. जादा घेतलेल्या तेलाचा मोठा हिस्सा ते तेल वाहण्यातच जळतो. म्हणून कंपनी कधी थोडा लांबचा पण स्वस्त मार्ग घेते आणि कधी दुसऱ्याच्या आकाशातून जाण्याचं भाडं वाचवायला वळसा घालते. हे निर्णय उड्डाणाच्या काही तास आधी होतात. तुमच्या तिकिटावरची वेळ मात्र कित्येक महिने आधी छापलेली असते. त्या ऋतूतल्या सरासरी वाऱ्यावर ती ठरवतात आणि वर थोडी सैल सोडतात. विमान कधी चाळीस मिनिटं आधी पोचतं ते त्यामुळे.

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते, हेही लक्षात घ्या. विमान जागेवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे दाराशी लागलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. नागपूर-दिल्ली हवाई अंतर सुमारे ८५० किलोमीटर, तुमच्या भागाकारानं तासाच्या आत. वेळापत्रकात ते पावणेदोन तासांच्या आसपास असतं. उरलेला वेळ जमिनीवर सरकण्यात, चढण्यात, उतरण्यात आणि दिल्लीच्या रांगेत जातो. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा ताशी साधारण ४६० किलोमीटर असते. छोट्या प्रवासात हा वरखर्च जवळजवळ निम्मा असतो, सोळा तासांच्या प्रवासात तो कुठे हरवतो ते कळतही नाही. म्हणून भागाकार मोठ्या पल्ल्याला बऱ्यापैकी लागू पडतो आणि छोट्याला पार फसतो.

मग नागपूरहून थेट विमान का नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तो मला दर लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच. विमानाचा पल्ला ही अडचण नाही. १३,१०० किलोमीटर जाऊ शकणारी विमानं आहेत आणि बोईंग ७७७ तर नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या देखभाल केंद्रात येऊनही जातात. पण देखभालीला येणारं विमान रिकामं असतं. अमेरिकेला निघणारं विमान प्रवासी, सामान आणि शंभराहून जास्त टन तेल घेऊन उडतं. आपली धावपट्टी ३,२०० मीटर, दिल्लीची सर्वांत लांब ४,४३० मीटर. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर उंच आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. तापलेली हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी होतात. अशा दुपारी पूर्ण वजनाचं विमान इथून उठवायचं तर प्रवासी किंवा माल खाली ठेवावा लागेल. डिसेंबरच्या रात्री ते जमूनही जाईल. पण रोज तीनशे माणसं नागपूरहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी हवीत ना, बाप्पा! ती नाहीत. म्हणून चार गावांची माणसं एका ठिकाणी गोळा करून तिथून मोठं विमान सोडायचं, हा धंद्याचा रस्ता.

या पद्धतीला नागपूरकरांनी नाकं मुरडू नयेत, कारण एके काळी तसं ठिकाण आपणच होतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळनंतर निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावला एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची इथे अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत. मुंबईचं पत्र नागपुरात तासभर थांबून मद्रासला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळायचं. थेट जाण्यापेक्षा अंतर जास्त, तरी देशभरात सर्वांत जलद. दोहा किंवा दिल्ली आज माणसांच्या बाबतीत तेच करते. फरक एवढाच की थैलीला गुडघेदुखी नसते आणि तुमच्या आईला ती असेल, म्हणून पुढचं जरा नीट वाचा.

तुमची तीन तिकिटं. दिल्लीची वाट: नागपूर-दिल्ली ८५०, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को गोलावर १२,४०० च्या आत. बेरीज सव्वातेरा हजार, म्हणजे थेट दोऱ्याच्या वाटेपेक्षा सव्वाशेच किलोमीटर जास्त. दिल्ली जवळपास वाटेवरच पडते. पावणेदोन तास, मध्ये चार तास, पुढे सोळाच्या आसपास, असे ते २२ होतात. दोहाची वाट: नागपूर-दोहा सुमारे २,८४० आणि दोहा-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००. बेरीज पावणेसोळा हजारांच्या पुढे. गंमत बघा, दोहापर्यंत जाऊनही सॅन फ्रान्सिस्को जवळ आलेलं नसतं, नागपूरहून जेवढं होतं तेवढंच दूर राहतं. म्हणजे पहिले चार तास अंतराच्या हिशोबानं फुकट जातात. शिवाय डिसेंबरात नागपूरहून पश्चिमेकडे निघालं की तो जेट स्ट्रीम समोरून येतो. जाताना चार-सव्वाचार तास आणि येताना त्याहून पाऊण-एक तास कमी, हा फरक एजंटनं पाहिला असेल. दिसलं त्याला बरोबर, कारण मात्र वेगळं आहे. फ्रँकफर्टची वाट: मुंबईपर्यंत ६८५, तिथून ६,५७०, पुढे ९,१५०, बेरीज १६,४०० आणि विमानं तीन. अंतर दोहापेक्षा फार जास्त नाही, पण थांबे दोन आणि ३० तासांतले आठ-नऊ तास बाकड्यावर.

किलोमीटर लावले तर दिल्ली पहिली, दोहा दुसरी आणि फ्रँकफर्ट तिसरी. पण सत्तरीच्या माणसांसाठी मी अंतराकडे सर्वांत शेवटी बघेन. आधी घड्याळ सुधारून घ्या, कारण तिकिटावरच्या सर्व वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं, मार्च ते नोव्हेंबर साडेबारा तास. दिल्लीहून पहाटे ३ ला निघून त्याच तारखेला सकाळी ६ ला पोचणार असं छापलेलं असेल, तर प्रवास तीन तासांचा नाही. तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले त्याच दिवशीचे संध्याकाळचे साडेसात, प्रवास साडेसोळा तासांचा. परतीला उलट: सोमवारी सकाळी साडेदहाला तिथून निघालं तेव्हा इथे मंगळवार सुरू होतोय. मध्ये एक दिवस गेला कुठे, असं आई विचारतील. बाबांची रक्तदाबाची वा साखरेची गोळी असेल तर वेळा भारतीय घड्याळानं कागदावर लिहून द्या आणि डॉक्टरांना आधी दाखवा. विमानातल्या पडद्यावर तीन-तीन घड्याळं दिसतात आणि शहाण्या माणसाचाही गोंधळ होतो.

मग थांब्याकडे बघा. प्रवासाचे सगळे तुकडे एकाच तिकिटावर आहेत का, हे एजंटला स्पष्ट विचारा. एक असेल तर सामान थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातं आणि पहिलं विमान उशिरा आल्यानं पुढचं चुकलं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीकडे लागतं. नागपूर-दिल्ली वेगळं स्वस्तात काढून दिलं असेल तर दोन्ही जबाबदाऱ्या तुमच्यावर. दिल्लीला सामान उचला, टर्मिनल बदला, पुन्हा रांग. दोन-तीन हजार रुपये वाचवायला हे करू नका.

दिल्लीच्या वाटेत डिसेंबरचा एक धोका आहे, धुकं. महिन्याच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत दिल्लीची पहाट अनेकदा दाट धुक्यात बुडते. विमानं कमी दृश्यतेत उतरू शकतात, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या पात्रतेचे लागतात आणि उडण्याला उतरण्यापेक्षा जास्त दृश्यता लागते, त्यामुळे सगळं खोळंबतं. आई-बाबांचं दिल्लीचं विमान दुपारचं घ्या, सकाळचं नको. थांबा चारऐवजी सहा-सात तासांचा झाला तरी चालेल. दिल्लीची वाट घेणार असाल तर मोठं विमान वाटेत तेलासाठी थांबणार आहे का, हेही विचारा. तिकिटाच्या बारीक अक्षरांत ते असतं. प्रवासी सहसा उतरत नाहीत, पण दीड-दोन तास वाढतात.

दोहाची जमेची बाजू अशी की पासपोर्टची तपासणी नागपुरातच होते, जिथे रांग लहान आणि माणसं मराठी-हिंदी बोलणारी. त्यापुढे दोहाला विमान बदललं की थेट सॅन फ्रान्सिस्को. धुक्याचा फारसा प्रश्न नाही. अंतर अडीच हजार किलोमीटर जास्त आणि वेळ दोन तास जास्त. मी स्वतःच्या आईला या वाटेनं पाठवलं असतं. थांबा अडीच तासांपेक्षा कमी नसला आणि फेरी त्या दिवशी नागपूरहून असली, तर.

फ्रँकफर्ट सोडून द्या. आणि न्यूयॉर्क किंवा शिकागोवरून स्वस्त तिकीट दाखवलं तर तेही सोडा. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं, तिथेच इमिग्रेशन होतं, सामान उचलून कस्टम्समधून न्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. आधीच सोळा तास बसून आलेल्या माणसाला हे शिकागोत करायला लावून मग पुन्हा साडेचार-पाच तासांचं विमान? पहिलं पाऊल सॅन फ्रान्सिस्कोतच पडू दे. अबू धाबीवरून गेलं तर ही अमेरिकी तपासणी तिथेच उरकते, तोही पर्याय नागपूरहून सोयीनं जुळत असेल तर बघण्यासारखा आहे.

तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. चालता येतं म्हणून बाबा नको म्हणतील, तरी मागा. ती चालण्यासाठी कमी आणि सोबतचा माणूस रांगेतून वाट दाखवतो त्यासाठी जास्त. बॅगेत संत्री देऊ नका, ताजी फळं तिथे आत नेऊ देत नाहीत आणि न सांगता नेली तर दंड. आणि बहिणीला विमानतळावर उतरण्याच्या छापील वेळेला नाही, त्यानंतर दीड तासानं यायला सांगा. निघताना तिनं फोनवर विमान कुठवर आलंय ते बघावं, डिसेंबरात वारा बरा असला तर ते आधीच उतरलेलं असेल.